फ्रूट सॅलड दगड झालं, कडू झालं, वर बांगड्याचा वास

पत्र: मे महिन्यात मुंबईहून नणंदेच्या सासरची माणसं आली, तेव्हा आदल्या दिवशीच फ्रूट सॅलड करून फ्रीजरला ठेवलं. दीड लिटर दूध, चार चमचे साखर, अननस, केळी, कलिंगड, द्राक्षं आणि मानकुराद आंब्याच्या फोडी. दुसऱ्या दिवशी पातेल्यात दगड. सुरीने फोडून वाढलं तर केळी काळी पडलेली, दूध फाटल्यासारखं, चव कडू. त्यात धाकट्या दिराने सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, यात बांगडा घातलाय काय?" आता चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी पंचवीस माणसं जमणार. नैवेद्याला हे नकोच, पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर द्यायला, आधी करून ठेवता येईल असं काहीतरी थंड हवं आहे. माझ्याकडे दोन दारांचा फ्रीज आहे. मूळ घर पंधरा किलोमीटरवर आणि तिथला फ्रीज लहान. माझं कुठे चुकलं?
— एक वाचक, डिचोली

ताई, दिरांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं नाक बरोबर होतं. दूध आणि साय वास ओढून घेतात. मे संपता संपता गोव्यातल्या बहुतेक घरांचा फ्रीजर मासळीने भरलेला असतो, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याच कप्प्यात तुम्ही दुधाचं पातेलं बहुधा नुसत्या ताटलीने झाकून रात्रभर ठेवलं. चवथीच्या वेळी ही अडचण निम्मी सुटलेली असेल, श्रावणात बऱ्याच घरांत फ्रीजर तसाही मोकळा होतो. तेव्हाच तो बंद करून, बर्फ वितळू देऊन, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून पुसून घ्या. दाराच्या रबराच्या घड्याही विसरू नका, वास तिथे लपून बसतो. बर्फाचे जुने तुकडे फेकून द्या, तेही वास धरतात. आणि सॅलड घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

आता कडवटपणा. तो अननसाचा. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. दूध फाटल्यासारखं दिसतं ते त्यामुळे, आणि त्या तुकड्यांतले काही चवीला कडू असतात. गोठवल्याने ब्रोमेलिन मरत नाही, फक्त मंदावतं. तुमचं पातेलं पूर्ण गोठायला दहा-बारा तास लागले असतील, आणि तेवढा वेळ ते आत काम करत होतं. उपाय एकच, अननस शिजवायचा. अमेरिकेत घरोघरी विजेचे फ्रीज येऊ लागले, त्या १९२०च्या दशकात गोठवलेल्या फ्रूट सॅलडची तिकडे टूम निघाली. त्यात क्रीम चीज, फेटलेलं क्रीम, कधी चक्क मेयोनीजसुद्धा असे, आणि अननस बहुधा डब्यातला. डबाबंद करताना तो तापवलेला असतो, म्हणून त्यांचं सॅलड कडू होत नसे. ताजा अननस वापरणाऱ्याने तीच पायरी घरी करायची एवढंच. पपईतही असंच द्रव्य असतं आणि ते उष्णतेला जास्त दाद देत नाही. दुधाच्या सॅलडात पपई घालूच नका.

दगड का झाला, हा खरा प्रश्न. दुधात शेकडा ८७ भाग पाणी, कलिंगडात नव्वदच्या वर. त्यात साखर चार चमचे. म्हणजे तुम्ही फळं घातलेला बर्फच केला होता. गोठवलेला पदार्थ चमच्याने कापता येतो तो तीन गोष्टींमुळे: साखर, स्निग्धता आणि हवा. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. शिवाय फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही त्यातला थोडा भाग पातळ पाकाच्या रूपात राहतो आणि मिश्रण मऊ ठेवतो. साय बर्फाच्या कणांमध्ये आडवी येते. फेटलेल्या क्रीममधली हवा त्याला भुसभुशीत करते. एकूण वजनात साखर, फळांतली धरून, शेकडा १६ ते १८ हवी. बारापेक्षा कमी झाली की सुरी लागते, बावीसच्या वर गेली की रात्रभर ठेवूनही लगदाच राहतो. चाखताना मिश्रण जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते.

फळातल्या पाण्याचंही हेच. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि फळाच्या पेशी फोडतं. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशी जास्त फुटतात. फळाची फोड तोंडात असताना दातांना बर्फ, आणि ताटलीत सुटली की चोथा व पाणी. म्हणून फळं निवडताना बाजारात काय छान दिसतं ते बघू नका, गोठल्यावर ते कसं वागतं ते बघा.

कलिंगड, खरबूज बाद. मोसंबी बाद, तिचा रस ठेवल्यावर कडवट होतो. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळा-पानांच्या मांडवाला, बांधतात ते पपनसही याच कारणाने नको. पेरूच्या बिया गोठल्यावर खड्यासारख्या लागतात. द्राक्ष अख्खं घातलं तर गोटी होते आणि लहान मुलांच्या घशात अडकण्याची भीती. घालायचीच तर बिनबियांची, उभी चिरून, आणि तीही थोडी. सफरचंद कच्चं घातलं तर तपकिरी आणि कापसासारखं होतं, अननसाच्या पाकात शेवटची तीन मिनिटं शिजवलं तर चालतं. डाळिंबाचे दाणे आत नकोत, वाढताना वरून. काजूचंही तसंच. आपल्याकडचा काजू इतका चांगला, तो फ्रीजरात मऊ कशाला करायचा? भाजून, भरड करून, वाढताना भुरभुरावा.

केळं मात्र हवंच, कारण त्याचा गर गोठल्यावर मलईसारखा लागतो. चूक फोडी करण्यात होती. चिरलेल्या केळ्याला हवा लागली की ते काळवंडतं आणि फ्रीजरात ही क्रिया पूर्ण थांबत नाही. पिकलेलं केळं लिंबाच्या रसात लगेच कुस्करून घ्यायचं, म्हणजे आंबटपणाने ती रोखली जाते आणि गर दह्यात मिसळला की हवाही फारशी लागत नाही. रसबाळी किंवा सालदाटी, दोन्ही चालतील, सालीवर काळे ठिपके आलेली घ्या. मयडेची मोठी केळी मिळाली तर ती यात घालू नका, त्यांचा खरा गुण शिजवल्यावर खुलतो, हलवा करा.

मानकुराद आता संपला, पण पुढल्या मेसाठी लिहून ठेवा: फोडींपेक्षा गर साठवावा. एक किलो गराला दीडशे ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस, पिशवीत बोटभर जाडीचा सपाट थर करून, हवा काढून. चवथीपर्यंत उत्तम राहतो. कापा फणसाचे गरे पातळ चिरून असेच राहतात, पण त्यांना दोन पिशव्या घाला, नाहीतर दीर या वेळी फणसाबद्दल विचारतील.

पंचवीस वाट्यांचं माप असं. प्रत्येकी १०० मिलीची वाटी, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास मिश्रण हवं. अननस एक, दीड किलोचा, सोलून आणि मधला दांडा काढून सातशे-साडेसातशे ग्रॅम गर मिळेल. साखर १५० ग्रॅम. दही दीड लिटर, त्याचा चक्का सुमारे ६०० ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा. केळ्याचा गर ४०० ग्रॅम, म्हणजे मध्यम पाच-सहा केळी, आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. व्हिपिंग क्रीम ४०० मिली. पाव चमचा मीठ, जायफळ चिमूटभर. मीठ गाळू नका, त्याच्याशिवाय हे सपक गोड लागतं. मेमधला आंब्याचा गर शिल्लक असेल तर तीनशे ग्रॅम घाला आणि केळं तेवढं कमी करा.

क्रीमच्या बाबतीत दुकानात फसगत होते. साध्या डब्यातलं 'फ्रेश क्रीम' शेकडा २५ स्निग्धतेचं असतं, ते कितीही फेटलं तरी फुगत नाही. फुगायला तीसच्या वर लागते, किंवा केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम. म्हापशाला, फोंड्याला बेकरीच्या सामानाच्या दुकानात ते गोठलेलं मिळतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या, बाहेर ठेवून नाही. ते बहुधा आधीच गोड असतं, तेव्हा अननसाची साखर शंभर ग्रॅमवर आणा. काहीच मिळालं नाही तर फ्रेश क्रीम न फेटता मिसळा. सॅलड जरा घट्ट होईल आणि वाट्या वीसच भरतील, पण खाण्यासारखं नक्की होईल.

चक्का आधीच्या रात्री बांधा, तोही फ्रीजमध्ये, चाळणीत फडकं घालून खाली पातेलं ठेवून. भाद्रपदातल्या दमट हवेत बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं. आठ तास पुरतात. चक्का बोटाने उचलला तर ओघळता कामा नये. इथे उरलेलं प्रत्येक चमचाभर पाणी पुढे बर्फाचा खडा होणार आहे.

अननसाचे एक सेंटिमीटरचे तुकडे करा, त्याहून मोठे नकोत. स्टीलच्या पातेल्यात साखर घालून मध्यम आचेवर ठेवा, पाणी घालू नका, पाच मिनिटांत तो स्वतःच पाणी सोडतो. उकळी फुटल्यापासून आठ ते दहा मिनिटं, ढवळत. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ वापरू नका, आंबट रस भांड्याला लागतो. या दहा मिनिटांत दोन कामं होतात: ब्रोमेलिन निकामी होतं आणि फळातल्या पाण्याच्या जागी पाक शिरतो, त्यामुळे तुकडा फ्रीजरातही चावता येतो. पाकातच गार करा, घाईने निथळलात तर पाक आत मुरत नाही. गार झाल्यावर चाळणीत अर्धा तास निथळा. सुमारे पाचशे ग्रॅम तुकडे आणि एक पेलाभर पाक हाती येईल. पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, वाढताना लागेल.

मिसळण्याचा क्रम चुकवू नका. चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क आधी फेटून एकजीव करा, गुठळी राहिली तर ती शेवटपर्यंत राहते. मग लिंबाच्या रसात कुस्करलेलं केळं, मीठ, जायफळ. मग अननस, पण पूर्ण थंड, फ्रीजमधला. कोमट अननसाने क्रीम बसतं आणि फेटण्याचे कष्ट वाया जातात. क्रीम सगळ्यात शेवटी. फेटण्याचं भांडं आणि यंत्राच्या काड्या वीस मिनिटं फ्रीजरात ठेवा, भांड्याखाली बर्फाचं पाणी घ्या, आपल्या हवेत याला पर्याय नाही. काडी उचलल्यावर शेंडा वाकला की थांबायचं. दुधाचं क्रीम त्यापुढे नेलंत तर एका मिनिटात लोणी होईल. उलथण्याने खालून वर असं हलक्या हाताने मिसळा.

तुमच्या दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा साधारण ५० ते ६० लिटरचा असेल. गोठवायला एका वेळी घालायचं ते दर २८ लिटरला एक किलोच्या आत असावं, म्हणजे तुम्ही एका दिवशी दोन किलो धरा. जास्त कोंबलंत तर सगळं सावकाश गोठतं आणि कण मोठे होतात. म्हणून हे सगळं दोन हप्त्यांत करा: क्रीम सोडून बाकीचं मिश्रण एकदाच करून निम्मं खालच्या कप्प्यात ठेवा, क्रीमही निम्मं निम्मं फेटा. पहिल्या संध्याकाळी तेरा वाट्या, दुसऱ्या संध्याकाळी उरलेल्या. फ्रीजरचा खटका आदल्या रात्रीच सगळ्यात थंडावर फिरवा.

मोठं पातेलं पुन्हा नको. वाटी चार-पाच तासांत गोठते, पातेलं रात्रभर घेतं, आणि सुटतानाही त्याच्या कडा पातळ होतात तेव्हा मधला भाग दगडच असतो. स्टीलच्या वाट्या किंवा झाकणाचे छोटे कप, दोन्ही ठीक. वरून बोटाच्या पेराएवढी जागा सोडा. पातळ प्लास्टिक मिश्रणाला चिकटेल असं अंथरा, मधे हवा राहिली तर तिथे बर्फाची बुरशी दिसते. अननस तळाशी बसतोय असं वाटलं तर मिश्रण भरण्यापूर्वी पाऊण तास फ्रीजरात ठेवून, एकदा ढवळून मग वाट्या भरा. गोठलेल्या वाट्या मोठ्या झाकणाच्या डब्यात रचा. दहा दिवस चव उत्तम. महिनाभर खराब होत नाही, पण स्वयंचलित फ्रीजर बर्फ काढायला मधूनमधून गरम होतो आणि दर वेळी कण थोडे वाढतात. चवथीच्या चार दिवस आधी करणं सगळ्यात सोयीचं, नंतर नेवऱ्यांतून आणि पातोळ्यांतून हात सुटत नाही.

लाईट जाणारच. दार उघडलं नाही तर चार-पाच तासांनी काही बिघडत नाही. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा, भरलेला फ्रीजर थंडी जास्त वेळ धरतो. घराबाहेर जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, आणि सॅलड त्याच्या कितीतरी आधी वितळलं असणार, कारण साखरेमुळे ते बर्फाआधी सुटतं. अशा वाट्या पाहुण्यांना देऊ नका. गोठवणं म्हणजे उकळणं नव्हे, जंतू त्यात मरत नाहीत, निजतात. म्हणूनच फळं चिरण्यापूर्वी धुवायची, अननससुद्धा, आणि सुरी-पाट मासळीचे नकोत.

पंधरा किलोमीटरचा प्रवास अवघड नाही. थर्माकोलची पेटी, मासळीची नव्हे, नवी घ्या. तीन किलो बर्फ फोडून त्यात एक किलो जाडं मीठ. मिठाने बर्फ वितळतो खरा, पण मिश्रण उणे दहाच्याही खाली उतरतं. जुन्या हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पिंपात हेच तत्त्व. वाट्यांचा डबा घट्ट झाकणाचा हवा, वर एक जाड पिशवी बांधा, नाहीतर खारं पाणी आत शिरेल. पेटी न उघडता तीन तास निभावतील, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघा. तिथल्या लहान फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा ठेवू नका.

पंगतीत भात वाढायला घेतला की वाट्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, अर्ध्या तासाने त्या चमच्याला लागतात. फ्रीजमध्ये जागा नसेल तर बाहेर आठ-दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. ताटलीत उलटी पाडायची असेल तर वाटी नळाच्या पाण्यात पाच सेकंद धरा. वरून अननसाचा पाक चमचाभर, डाळिंब, काजू. पाकात थोडा अमृत कोकमचा अर्क मिसळलात तर रंग आणि आंबटपणा दोन्ही येतात. कोकमचं मिठाचं आगळ मात्र घालू नका.

दूध न चालणारं कोणी असेल तर पाच-सहा वाट्या वेगळ्या करा: एका मोठ्या नारळाचा जाड रस २५० मिली, ८० ग्रॅम गूळ, एक चमचा कॉर्नफ्लोअर, मंद आचेवर सतत ढवळत घट्ट होईपर्यंत. खळखळ उकळलात तर रस फुटतो. गार करून त्यात दोन कुस्करलेली केळी आणि शिजवलेला अननस मूठभर. पोत थोडा कणीदार येतो, पण चव सुरेख. या वाट्यांवर खूण करा, गोठल्यावर गल्लत होऊ शकते.

वितळलेल्या वाट्या परत फ्रीजरात टाकू नका. तासाभरात खाल्ल्या गेल्या नाहीत तर खालच्या कप्प्यात ठेवा आणि संध्याकाळी मुलांना मिक्सरमधून फिरवून द्या.